आझादीच्या दारात : आशियाई फुटबॉल महासंघाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी समिती,
आशियाई फुटबॉल महासंघ, क्वालालंपूर

स. न. वि. वि.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी क्रिस्टियानो रोनाल्डोचा अल नस्र संघ आपल्या चॅम्पियन्स लीगसाठी तेहरानमध्ये खेळला. त्याला एकदा डोळे भरून बघायला मिळावं म्हणून लोक संघाच्या बसमागे धावले, हॉटेलपर्यंत गर्दी लोटली. सामना मात्र रिकाम्या आझादी स्टेडियममध्ये झाला. ७८ हजारांचं मैदान, घरचा संघ पर्सेपोलिस, आणि स्टँडमध्ये प्रेक्षक नाहीत. ही शिक्षा आपण दिली होती. एप्रिल २०२१मध्ये पर्सेपोलिसने समाजमाध्यमावर टाकलेली एक पोस्ट आपल्याला आक्षेपार्ह वाटली होती, आणि ती पोस्ट आमच्या एफसी गोवाविरुद्ध होती.

मी मडगावची. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये बसून सामने बघणारी बाई. आमच्या क्लबाचा मान राखायला आपण एवढं मोठं स्टेडियम बंद करू शकलात, हे आम्हाला कळलं. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी मानते. ज्या दारावर आपला शब्द इतका चालतो, त्याच दारावर इराणच्या मुली आणि बायका चाळीस वर्षं अडवल्या गेल्या, आणि तिथे आपण गप्प राहिलात. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी पर्सेपोलिसबद्दल, कारण या क्लबाबद्दल माझ्या मनात राग नाही, आदर आहे. २०२१मध्ये कोरोनामुळे आमच्या गटाचे सगळे सामने फातोर्ड्यालाच झाले. मैदान घराजवळ, पण दारं बंद, आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर. २० एप्रिलच्या रात्री १४व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने फ्री किक आत टाकली आणि एदू बेदियाने डोकं लावलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबाने केलेला तो पहिला गोल, आणि तोही पर्सेपोलिसविरुद्ध! आमच्या गल्लीत घराघरांतून ओरडा झाला. आनंद फार टिकला नाही. पर्सेपोलिसने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि २५ मिनिटं व्हायच्या आत त्यांचा कर्णधार जलाल होसैनी याने दुसरा गोल मारला. २-१. तीन दिवसांनी परत गाठ पडली तेव्हा ४-०. हरलो, पण कुणाशी हरलो ते समजून घ्यावंसं वाटलं. तेव्हापासून मी या क्लबाबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

पर्सेपोलिसची मुळं शोधायला गेलं की आधी शाहीन क्लब लागतो. १९४२ साली अब्बास एकरामी नावाच्या शिक्षकाने तो तेहरानमध्ये काढला. आधी वागणूक, मग शिक्षण, मग खेळ, हा त्यांचा क्रम. खेळाडू शिकलेला असला पाहिजे, असा आग्रह धरणारा क्लब साध्या लोकांत अतिशय प्रिय झाला आणि वरच्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. १९६७मध्ये तो बरखास्त झाला. दुसरीकडे अली अब्दो हे अमेरिकेतून परतलेले मुष्टियोद्धे. त्यांनी १९६३मध्ये पर्सेपोलिस नावाचा क्लब काढला होता. तेहरानमध्ये बोलिंगचा मोठा हॉलही त्यांनीच उभारला. अब्दोंच्या क्लबाला तोवर फार कुणी ओळखत नव्हतं. शाहीन बंद पडल्यावर परवीझ देहदारी यांच्या पुढाकाराने तिथले खेळाडू पर्सेपोलिसकडे आले आणि त्यांच्या मागोमाग शाहीनचे चाहतेही आले. क्लब मोडला, पण त्याची माणसं मोडली नाहीत. मधला एक हंगाम संघातले बरेचजण पेकान या मोटार कारखान्याच्या संघातून खेळले, तेही विजेते ठरले, आणि पुन्हा लाल जर्सीत परतले.

समोर निळा ताज. १९४५मध्ये सायकलस्वारांचा क्लब म्हणून लष्करातल्या लोकांनी आणि खेळाडूंनी तो सुरू केला. पुढे फुटबॉलमध्ये नाव झालं, आणि क्रांतीनंतर त्याचं नाव एस्तेगलाल झालं. या दोघांची पहिली गाठ ५ एप्रिल १९६८ला अमजदिये स्टेडियमवर पडली, ०-०. तेव्हापासून तेहरान दोन रंगांत विभागलं गेलं. १९७३च्या सप्टेंबरात पर्सेपोलिसने ६-० ने मारलं, होमायून बेहझादीची हॅटट्रिक, आणि तो स्कोअर लाल घरांत अजून आठवला जातो. निळ्यांकडे सांगायला त्याहून मोठं काही आहे: १९७०मध्ये अमजदियेवरच इस्रायलच्या हापोएल तेल अवीवला २-१ ने हरवून ताज आशियाई क्लब विजेता ठरला. त्या स्पर्धेत भारतातून पश्चिम बंगालचा संघ उतरला होता. त्या विजेत्या संघातले मन्सूर पूरहैदरी पुढे प्रशिक्षक झाले आणि १९९१मध्ये ढाक्यात चीनच्या लिआओनिंगला हरवून त्यांनी एस्तेगलालला पुन्हा तोच चषक मिळवून दिला. खेळाडू म्हणून एकदा, प्रशिक्षक म्हणून एकदा. हा सगळा आपल्याच स्पर्धांचा इतिहास आहे, तो आपल्या दप्तरी असणारच.

अमजदिये शहराच्या मध्यावर होतं, पण ते अपुरं पडू लागलं. १९७४चे आशियाई खेळ तेहरानला मिळाले होते आणि त्यांच्यासाठी शहराच्या पश्चिमेला, तेव्हा एक लाख प्रेक्षकांचं, मैदान उभं राहिलं. वास्तुरचनाकार अब्दुलअझीझ फर्मानफर्माइयान. उद्घाटन १९७१मध्ये, नाव आर्यामेहर. दोन मजली स्टँडचा तो प्रचंड वाडगा, आणि शेजारी नौकानयनासाठी तलाव. त्या आशियाई खेळांत आमच्या टी. सी. योहाननने ८.०७ मीटर लांब उडी मारून आशियाई विक्रमासह सुवर्ण घेतलं. श्रीराम सिंग, शिवनाथ सिंग आणि विजयसिंग चौहान यांची सुवर्णपदकंही तिथलीच. १९७६च्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात पर्सेपोलिसच्या अली परवीनने कुवेतविरुद्ध एकमेव गोल केला तोही इथेच. तेव्हा या स्टँडमध्ये बायका बसत होत्या. अमजदियेवरही बसत होत्या. त्यांना तिथे कुणी नंतर आणून बसवावं असं काही नव्हतं, त्या पहिल्यापासून तिथल्याच होत्या.

१९७९ला क्रांती झाली, स्टेडियमचं नाव आझादी झालं. क्लब सरकारकडे गेले. सरकारी कागदांत पर्सेपोलिसचं नाव पिरूझी झालं, पण स्टँडमधून घोषणा जुन्याच नावाने येत राहिल्या. आणि १९८१च्या सुमारास फुटबॉलच्या मैदानावर बायकांना मज्जाव सुरू झाला. ही बंदी कुठल्या कायद्याच्या कलमात लिहिलेली नाही. ती दारावर पाळली जाते, एवढंच. म्हणून तर मी आपल्याला दाराबद्दल लिहिते आहे.

या दारावर काय काय झालं ते सलग वाचलं की गलबलून येतं. १९९७च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्याला इथे १ लाख २८ हजार लोक आले होते. मेलबर्नला २-२ अशी बरोबरी साधून इराण विश्वचषकाला पात्र ठरला, आणि संघ परत आला तेव्हा स्वागत आझादीतच ठेवलं. खेळाडू हेलिकॉप्टरमधून मैदानात उतरणार होते. बायकांनी घरी राहून टीव्हीवर बघावं, असं आधीच सांगण्यात आलं होतं. तरी त्या हजारोंनी आल्या. डिसेंबरच्या थंडीत फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, ढकलाढकली केली, आणि त्यांतल्या पुष्कळजणी शेवटी आत शिरल्याच. २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना मैदानावर येऊ देण्याची घोषणा केली. धर्मगुरूंनी विरोध केला आणि काही आठवड्यांत ती मागे घेतली गेली.

मग २०१८. एप्रिलमध्ये पर्सेपोलिसने लीग जिंकली, आणि आझादीतल्या जल्लोषाच्या काही छायाचित्रांत पाच पोरं दिसतात. नीट पाहिलं की कळतं, त्या मुली आहेत. गालांवर चिकटवलेल्या दाढ्या, डोक्यावर टोप, अंगावर ढगळ कपडे. त्यांतल्या एकीची दाढी कानापाशी नीट बसलेली नाही. पण चेहऱ्यावरचं हसू बघा! आपल्या संघाने लीग जिंकलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, एवढ्यासाठी एखाद्या मुलीने घरी आरशासमोर बसून गालाला गोंद लावावा, दारावरच्या झडतीत आवाज फुटू नये म्हणून मान खाली घालून चालावं. मी फातोर्ड्याला जाते तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली चालेल का, एवढीच माझी चिंता असते.

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला आपल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना आझादीत झाला. कशिमा अँटलर्सविरुद्ध पहिला सामना पर्सेपोलिस २-० ने हरला होता. हा ०-० सुटला आणि चषक जपानला गेला. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो आले होते, आणि त्या दिवशी काही शे बायकांना आत सोडलं. वेगळा कोपरा, निवडून दिलेल्या जागा. जगभर छायाचित्रं गेली. पाहुणे परत गेले, पुढचे लीगचे सामने सुरू झाले, आणि दार पुन्हा पूर्वीसारखं. ज्या सामन्याची व्यवस्था आपली, त्यात आपण एक दिवस दार किलकिलं करून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी ते लागलं तेव्हा विचारलं नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण पुढे चारच महिन्यांत, १२ मार्च २०१९ला, सहर खोदायारी त्याच दारावर आली. वय २९. एस्तेगलालची चाहती. पुरुषासारखा वेश केलेला, डोक्यावर निळा टोप. तिला पकडलं. सप्टेंबरमध्ये ती न्यायालयात गेली तेव्हा सहा महिन्यांची कैद होऊ शकते असं तिच्या कानावर आल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. न्यायालयाबाहेर तिने स्वतःला पेटवून घेतलं. ९ सप्टेंबर २०१९ला ती गेली. जग तिला ‘निळी मुलगी’ म्हणून ओळखतं.

मान्यवरहो, ती ज्या सामन्याला निघाली होती तो एस्तेगलाल विरुद्ध अल ऐन होता. म्हणजे आपल्या चॅम्पियन्स लीगचा सामना. इराणच्या लीगचा नव्हे, राष्ट्रीय संघाचा नव्हे. मैदानाभोवतीच्या फलकांवर आपलं बोधचिन्ह, पंच आपण नेमलेले, सामन्यावर देखरेख करणारा अधिकारी आपला. आणि फाटकावर एका मुलीला ती मुलगी आहे म्हणून अटक. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. ‘हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न’ असं उत्तर या बाबतीत देता येत नाही, कारण त्या दिवशी तो सामना आपला होता.

तिच्या मृत्यूनंतर फिफाने दबाव आणला आणि १० ऑक्टोबर २०१९ला कंबोडियाविरुद्धच्या पात्रता सामन्याला बायकांना तिकिटं मिळाली. सुमारे साडेतीन हजार. इराणने १४ गोल केले, आणि त्या कोपऱ्यातून प्रत्येक गोलाला तितक्याच जोराने आवाज येत होता. बाकी स्टँड जवळपास ओस पडलेला होता. जागा रिकाम्या, पण बायकांसाठी जास्त तिकिटं नाहीत. २०२२च्या मार्चमध्ये मशहदला लेबनॉनविरुद्धच्या सामन्यासाठी बायकांनी रीतसर तिकिटं काढली, त्या दारापर्यंत गेल्या, आणि दार उघडलंच नाही. वर मिरचीचा फवारा. ऑगस्ट २०२२ला एस्तेगलालच्या लीग सामन्याला ५०० जणी आत गेल्या. डिसेंबर २०२३मध्ये तेहरान डर्बीला, म्हणजे पर्सेपोलिस-एस्तेगलाल सामन्यालाही, काही हजार जणी बसल्या. हे सगळं चांगलंच आहे. पण कधी पाचशे, कधी तीन हजार, कधी शून्य, आणि कुठल्या सामन्याला किती हे कुणाच्या तरी मर्जीवर. मर्जी फिरली की काय होतं ते मशहदने दाखवलं.

आता आपल्या अधिकाराबद्दल. आपल्या हातात काही नाही, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. २०२२च्या चॅम्पियन्स लीगमधून आपण पर्सेपोलिस आणि एस्तेगलाल दोघांनाही बाहेर ठेवलंत, कारण क्लब परवान्याच्या अटी त्यांनी पूर्ण केल्या नव्हत्या. देशातले सगळ्यात मोठे दोन क्लब, आणि अटींपुढे त्यांचं काही चाललं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्फहानला सेपाहान क्लबच्या मैदानावर इराणी सेनापती कासेम सुलेमानी यांचा पुतळा ठेवला म्हणून सौदीच्या अल इत्तिहादचा संघ खेळायला उतरला नाही. आपण सामना ३-० असा अल इत्तिहादला दिलात. २०२४ला मोहन बागान सुरक्षेच्या काळजीने इराणमधल्या तबरीझला गेला नाही, तर आपण त्याला स्पर्धेतून बाद धरलंत. आणि आमच्या गोव्यावरच्या पोस्टसाठी आझादी रिकामं ठेवलंत. कागद, पुतळा, प्रवास, पोस्ट, या सगळ्यांसाठी आपली नियमावली जागी आहे. भेदभावाला थारा नाही असंही त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे. दारात अडवलेल्या मुलींसाठी मात्र आपल्या स्पर्धेचा सामना थांबला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मला इराणच्या क्लबांना हाकलायला नको आहे. रिकामं स्टेडियम ही शिक्षाही मला बरी वाटत नाही, जरी ती आमच्या नावाने दिली गेली असली तरी. ज्याने ती पोस्ट टाकली त्याचं त्या रात्री काय गेलं? गेलं ते पगारातून पैसे बाजूला काढून तिकिटाची वाट बघणाऱ्याचं. सहर एस्तेगलालची होती. एस्तेगलालवर बंदी घातली तर तिच्या वाटेचा संघच नाहीसा होईल. २०२२च्या नोव्हेंबरात सुपर कप जिंकूनही त्याच एस्तेगलालच्या खेळाडूंनी जल्लोष केला नाही, देशात मुली निदर्शनं करत रस्त्यावर उतरल्या होत्या म्हणून. या क्लबांत माणसं आहेत, आणि ती बघतात, त्यांना कळतं.

म्हणून मागणी अशी आहे. क्लब परवान्याच्या अटींत एक अट घाला: महासंघाच्या कुठल्याही स्पर्धेच्या सामन्याची तिकिटं बायकांना पुरुषांबरोबर, त्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावर, त्याच दराने मिळतील, आणि त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा असणार नाही. ज्या देशात ही अडचण नाही तिथे या अटीने कुणाचं काही बिघडणार नाही. मुंबई सिटीने २०२३मध्ये बालेवाडीला इराणच्या नस्साजीविरुद्ध घरचा सामना खेळला तेव्हा पुण्यातल्या मुलींना कुणी विचारलं नाही की तू का आलीस. त्याच स्पर्धेत मुंबई सिटीचा संघ आझादीतही खेळायला गेला. एकाच गटातल्या दोन मैदानांवर प्रेक्षकांसाठी दोन नियम, हे एका स्पर्धेत बसत नाही.

आणि अट नुसती कागदावर राहू नये. सामन्याला आपला अधिकारी असतोच. तो गवताची उंची तपासतो, दिव्यांचा प्रकाश मोजतो, जाळ्या बघतो. त्याला फाटकांवरही उभं करा. दारं उघडल्यापासून सामना सुरू होईपर्यंत किती बायका आत आल्या, कुणाला परत पाठवलं का, कुणाला पोलिसांच्या ताब्यात दिलं का, हे त्याच्या अहवालात यायला हवं, आणि तो अहवाल प्रसिद्ध व्हायला हवा. कुणाला अटक झाली तर महासंघाने त्याच दिवशी तिची चौकशी करावी, तिचा खटला संपेपर्यंत पाठपुरावा ठेवावा. २०१९च्या मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांत हे कुणी केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

अट मोडली तर शिक्षा प्रेक्षकांना नको. तो सामना त्रयस्थ मैदानावर न्या, यजमानपदाचे पैसे राखून ठेवा, आणि दार खरोखर उघडलं की दुसऱ्याच दिवशी ते परत द्या. क्लबांना घरच्या मैदानाची किंमत नीट कळते. फाटकावर कोण उभं राहील हे क्लबच्या हातात नसतं, मला ठाऊक आहे. पण क्लबचं नुकसान व्हायला लागलं की ज्यांच्या हातात असतं त्यांच्याकडे क्लब स्वतः जाऊन भांडतात. २०२२मध्ये परवाना नाकारला गेल्यावर तिथे केवढी धावपळ झाली, आणि २०२४मध्ये दोन्ही क्लबांची मालकी सरकारी खात्याकडून वेगवेगळ्या हातांत गेली. आपल्या अटींमुळे तिथली वर्षानुवर्षांची व्यवस्था हलली. तीच ताकद या कामी लावा, एवढंच मागते आहे.

या पत्राची प्रत मी अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाही पाठवत आहे. आपल्या सर्वसाधारण सभेत भारताला मत आहे. हा विषय कार्यपत्रिकेवर घेण्याची मागणी भारताने करावी आणि परवान्याच्या अटी पुढच्या हंगामासाठी ठरण्याआधी त्यावर निर्णय व्हावा, अशी विनंती त्यांनाही केली आहे.

कळावे,

आपली,
मडगावची एक फुटबॉलप्रेमी